‘घर’चे ‘घरग्रहालय’ कसे झाले? सिमलिंकच्या फेल होणाऱ्या टेस्टचा माग

आमच्या इंटरप्रिटरच्या टेस्ट चालवल्या आणि पडद्यावर ओळ आली: अपेक्षित ‘घर’, मिळाले ‘घरग्रहालय’.

असा शब्द मराठीत नाही, आणि टेस्टमध्येही कुठे लिहिलेला नव्हता. टेस्ट अगदी साधी होती. एक सिमलिंक बनवायची, ती ‘घर’ नावाच्या फाइलकडे वळवायची आणि इंटरप्रिटरला विचारायचे, ही लिंक कुठे जाते? तीच टेस्ट एकटी चालवली की पास. सगळ्या एकत्र चालवल्या की फेल, आणि दर वेळी हाच शब्द. बगचा सगळा पुरावा त्या शब्दातच होता. पण तो वाचता यायला सिमलिंक म्हणजे नेमके काय, हे आधी पक्के कळलेले असावे लागते.

सिमलिंक ही फाइलच असते, फक्त तिच्या पोटात दुसऱ्या जागेचा पत्ता असतो. बंद दारावर ‘शेजारच्या खोलीत चौकशी करा’ अशी चिठ्ठी अडकवावी, तशी. युनिक्सच्या जगात ही सोय १९८३ साली ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीबरोबर आली. चिठ्ठी लिहिताना ती खोली खरोखर आहे का, हे कोणी तपासत नाही. खोली पाडली तरी चिठ्ठी दारावर तशीच लटकत राहते. आणि चिठ्ठीत ‘शेजारची खोली’ म्हटले असेल, तर ती चिठ्ठी लावलेल्या दाराच्या शेजारची. वाचणारा कुठे उभा आहे, याच्याशी तिला देणेघेणे नाही.

इंटरप्रिटर म्हणजे तुमचा प्रोग्रॅम वाचत वाचत चालवणारा प्रोग्रॅम. पायथन, रुबी, पर्ल, पीएचपी या भाषा अशाच चालतात. तुम्ही त्या भाषेत फाइलविषयी काही विचारले की इंटरप्रिटर तो प्रश्न ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, नेतो आणि उत्तर परत आणून देतो. सिमलिंकच्या बाबतीत या ने-आणीत एक पेच आहे. ‘या पाथवर (फाइलपर्यंतच्या फोल्डरांच्या वाटेवर) काय आहे?’ हा दिसायला एक प्रश्न, पण त्यात दोन प्रश्न दडलेले असतात. चिठ्ठीबद्दल विचारता आहात, की चिठ्ठी जिथे पाठवते त्या खोलीबद्दल?

कर्नलकडे या दोन प्रश्नांसाठी दोन वेगळे दरवाजे आहेत. स्टॅट हा कॉल, म्हणजे कर्नलला केलेली विनंती, लिंकच्या मागे जातो आणि पलीकडच्या फाइलची माहिती आणतो. एलस्टॅट लिंकपाशीच थांबतो आणि खुद्द लिंकची माहिती देतो. इंटरप्रिटर लिहिणाऱ्याला फाइलशी संबंधित प्रत्येक फंक्शनसाठी या दोन प्रश्नांपैकी एक निवडावा लागतो: आकार विचारताना, तारीख विचारताना, परवानग्या बदलताना, नाव बदलताना, पुसताना. यातल्या एका जरी ठिकाणी निवड मनात स्पष्ट झाली नसेल तर ती टेस्ट कधी ना कधी फेल होणार. म्हणून अशी टेस्ट हातात आली की मी कोड उघडण्याआधी एका कागदावर लिहून काढते, या फंक्शनने चिठ्ठीबद्दल बोलायचे आहे की खोलीबद्दल. हे लिहिताना अडखळायला झाले, तर बग बहुधा तिथेच असतो.

सगळ्यात नेहमीचे उदाहरण घ्या. भाषेत ‘ही सिमलिंक आहे का?’ असे विचारणारे फंक्शन आहे. त्याच्या तीन टेस्ट: साध्या फाइलला ‘नाही’ म्हणावे, फोल्डरला ‘नाही’ म्हणावे, लिंकला ‘हो’ म्हणावे. पहिल्या दोन पास, तिसरी फेल. वाटते की काम जवळजवळ झाले आहे, एवढ्यातेवढ्यात काही राहिले असेल. प्रत्यक्षात ते फंक्शन आयुष्यात एकदाही ‘हो’ म्हणू शकत नाही. कोडमध्ये एलस्टॅटऐवजी स्टॅट वापरलेला असतो. स्टॅट लिंकच्या पलीकडे गेलेलाच असल्याने त्याच्या उत्तरात ‘प्रकार: लिंक’ कधी येतच नाही. सतत ‘नाही’ म्हणणारे फंक्शन तीनपैकी दोन टेस्ट पास होते, म्हणून हिरव्या, म्हणजे पास झालेल्या, टेस्ट मोजून अंदाज बांधू नये.

हे कोड वाचून शोधता येते, पण कर्नलला नेमके काय विचारले गेले ते पाहणे जास्त खात्रीचे. लिनक्सवर एसट्रेस नावाचे साधन आहे. त्याच्याखाली इंटरप्रिटर चालवला की प्रत्येक सिस्टिम कॉल एकेका ओळीत छापला जातो. अलीकडच्या लिनक्सवर स्टॅट आणि एलस्टॅट दोन्ही बहुधा एकाच कॉलच्या रूपाने दिसतात, म्हणून कॉलचे नाव बघून भागत नाही. कॉलच्या कंसातला शेवटचा फ्लॅग, म्हणजे कॉलसोबत दिलेली सूचना, बघावा. तिथे ‘लिंकच्या मागे जाऊ नको’ या अर्थाचा नोफॉलो फ्लॅग असेल तर प्रश्न चिठ्ठीबद्दल विचारला गेला, शून्य असेल तर खोलीबद्दल. तासभर कोडमध्ये फिरून जे समजत नाही, ते त्या एका ओळीत दिसते. इंटरप्रिटर सुरू होतानाच शेकडो फाइल उघडतो, त्यामुळे पसारा फार येतो. टेस्टमधल्या लिंकला वेगळेच, लगेच शोधता येईल असे नाव द्या.

कधी कधी ओळ बरोबर असते, फ्लॅगही बरोबर असतो, तरी उत्तर चुकते. किंवा ओळच दिसत नाही, म्हणजे कर्नलला काही विचारलेच गेलेले नाही. मग संशय कॅशवर घ्यावा. वेग वाढवण्यासाठी काही इंटरप्रिटर स्टॅटचे उत्तर लक्षात ठेवतात. पीएचपीमध्ये अशी कॅश आहे आणि ती रिकामी करायला वेगळे फंक्शनही दिलेले आहे. ही आठवण फक्त पाथच्या नावावर साठवली आणि प्रश्न कोणता होता ते सोबत नोंदवले नाही, तर आधी खोलीबद्दल विचारून मग चिठ्ठीबद्दल विचारणाऱ्याला खोलीचेच उत्तर मिळते. पर्लने ही वाट भाषेतच बंद केली आहे. मागच्या स्टॅटचे उत्तर वापरून ‘ही लिंक आहे का’ असे विचारले आणि तो कॉल एलस्टॅट नसेल, तर पर्ल चूक दाखवून थांबते. गुपचूप चुकीचे उत्तर देण्यापेक्षा हे कितीतरी बरे.

आता ‘घरग्रहालय’कडे वळू.

लिंकच्या पोटातला पत्ता वाचायला रीडलिंक नावाचा कॉल आहे. आपण त्याला मेमरीचा एक तुकडा, म्हणजे बफर, देतो. तो त्यात पत्ता लिहितो आणि किती बाइट लिहिले तो आकडा परत देतो. सी भाषेत शब्द कुठे संपला हे सांगायला शेवटी शून्य किमतीचा एक बाइट ठेवण्याची रीत आहे. रीडलिंक तो शून्य बाइट ठेवत नाही. तो फक्त आकडा देतो, पुढचे आपण बघायचे. आमच्या कोडने तो आकडा ‘चूक झाली का’ एवढेच तपासायला वापरला आणि सोडून दिला. मग शून्य बाइट सापडेपर्यंत बफर वाचून त्याचा शब्द बनवला.

बफर एकच होता आणि सगळ्या कॉलसाठी तोच वापरला जात होता. प्रोग्रॅम सुरू होताना अशा बफरमध्ये सगळीकडे शून्ये असतात, म्हणून पहिला कॉल नेहमी बरोबर निघतो. एकटी चालवलेली टेस्ट पास होण्याचे कारण हेच. सगळ्या टेस्ट एकत्र चालवताना मात्र आधीच्या एका टेस्टमधली लिंक ‘संग्रहालय’ नावाच्या फोल्डरकडे जात होती. यूटीएफ-८ या अक्षरे बाइटमध्ये साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेते. संग्रहालय या शब्दात स, अनुस्वार, ग, हलन्त, र, ह, काना, ल, य अशी ९ चिन्हे, म्हणजे २७ बाइट. त्यानंतर ‘घर’ आले, २ चिन्हे, ६ बाइट. ते बफरच्या सुरुवातीला, स आणि अनुस्वार यांच्या जागी लिहिले गेले. पुढचे २१ बाइट जागचे हलले नाहीत. ‘घर’ आणि त्याला चिकटून ‘ग्रहालय’. दोन्ही शब्द देवनागरीत असल्याने काप नेमका चिन्हांच्या सीमेवर पडला आणि वाचता येण्यासारखा शब्द तयार झाला. इंग्रजी आणि मराठी नावे मिसळली असती तर एखादे चिन्ह मधोमध तुटून नुसता कचरा दिसला असता, आणि आम्ही एन्कोडिंगमध्ये बग शोधत बसलो असतो.

दुरुस्ती एका ओळीची: रीडलिंकने दिलेल्या आकड्याएवढेच बाइट घ्यायचे. पण त्याच फंक्शनमध्ये दुसरी एक चूक लपून होती. पत्ता बफरपेक्षा लांब असेल तर रीडलिंक तक्रार करत नाही. मावेल तेवढे लिहितो, उरलेले सोडून देतो आणि बफरच्या आकाराएवढा आकडा परत देतो. म्हणून आकडा बफरएवढाच आला तर पत्ता तुटला असल्याचे धरून मोठा बफर घेऊन पुन्हा वाचावे लागते. आधी एलस्टॅटने पत्त्याची लांबी विचारून तेवढाच बफर घ्यावा, असे सुचते खरे. साध्या फाइलसिस्टिमवर ते चालतेही. पण लिनक्सच्या प्रॉक या आभासी फाइलसिस्टिमवर अनेक लिंकची लांबी शून्य म्हणून येते, आणि त्यावर विसंबणारा इंटरप्रिटर तिथे रिकामा पत्ता वाचतो.

लांबीवरून आणखी एक: एलस्टॅटने दिलेला लिंकचा आकार बाइटमध्ये असतो. ‘घर’कडे जाणाऱ्या लिंकचा आकार ६ येतो. टेस्टमध्ये तो शब्दातल्या चिन्हांच्या संख्येशी, म्हणजे २ शी, ताडून पाहिला तर टेस्ट फेल होते, आणि इथे इंटरप्रिटरची काही चूक नसते. इंग्रजी नावांवर लिहिलेली टेस्ट हे कधीच उघड करत नाही, कारण तिथे दोन्ही आकडे सारखे निघतात. टेस्टच्या फाइलना देवनागरी नावे देण्याचा मी आग्रह धरते तो यासाठीच.

एकत्र चालवल्यावरच फेल होणारी टेस्ट सापडली की कोणती टेस्ट तिच्या आधी चालायला लागते, हे शोधावे. आधीच्या टेस्ट अर्ध्या अर्ध्या वगळत गेले तर चारशे टेस्टमधून दोषी जोडी आठ-नऊ फेऱ्यांत हाती लागते. मग ती जोडी एकाच टेस्टमध्ये, त्याच क्रमाने लिहावी: आधी लांब नाव, मग आखूड. उलट क्रमाने हा बग कधीच दिसत नाही.

टेस्टच चुकलेली असते तेव्हा

फेल झालेल्या टेस्टचा दोष नेहमी इंटरप्रिटरकडे जात नाही. मॅकओएसवर तात्पुरत्या फाइलसाठी असलेला टेंप फोल्डर स्वतःच एक सिमलिंक आहे. तो प्रायव्हेट नावाच्या फोल्डरातल्या टेंपकडे जातो. व्हार फोल्डरचेही तसेच. टेस्ट टेंपमध्ये फाइल बनवते, इंटरप्रिटरला तिचा खरा पाथ विचारते आणि बनवताना वापरलेल्या पाथशी ताडते. इंटरप्रिटर प्रायव्हेटपासून सुरू होणारा, अगदी बरोबर पाथ देतो आणि टेस्ट फेल होते. टेस्टने सुरुवातीलाच आपल्या कामाच्या फोल्डरचा खरा पाथ काढून घ्यावा आणि पुढे तोच वापरावा, एवढाच उपाय.

परवानग्यांचेही असेच. लिनक्सवर लिंकच्या स्वतःच्या परवानग्या ०७७७ दिसतात आणि त्यांना फारसा अर्थ नसतो. मॅकवर बहुधा ०७५५ दिसतात. यातला एक आकडा टेस्टमध्ये पक्का लिहिला की ती दुसऱ्या यंत्रावर पडणारच.

विंडोजवर सिमलिंक व्हिस्टापासून आहेत, पण तिथे त्या बनवायला खास अधिकार लागतो. तो नसेल तर १३१४ क्रमांकाची चूक येते. २०१७ च्या विंडोज १० क्रिएटर्स अपडेटनंतर डेव्हलपर मोड चालू असेल तर साध्या वापरकर्त्यालाही लिंक बनवता येते, पण त्यासाठी इंटरप्रिटरने लिंक बनवताना एक वेगळा फ्लॅग द्यावा लागतो. तो दिला नाही तर मोड चालू असूनही १३१४ येत राहते आणि माणूस सेटिंग्ज तपासत बसतो. विंडोजवर लिंक फाइलची की फोल्डरची हेही बनवतानाच ठरते. युनिक्सवर लिहिलेल्या टेस्टमध्ये आधी लिंक आणि मग फोल्डर बनवण्याचा क्रम सहज असतो. विंडोजवर त्या क्षणी पलीकडे काहीच नसल्याने ती फाइलची लिंक बनते आणि नंतर फोल्डर आला तरी तिच्यातून आत जाता येत नाही. म्हणूनच पायथनच्या लिंक बनवणाऱ्या फंक्शनला पलीकडे फोल्डर असणार आहे का, हे सांगण्याची सोय ठेवली आहे.

या कटकटीमुळे ‘विंडोज असेल तर टेस्ट वगळा’ असे लिहून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. सीपायथनच्या, म्हणजे पायथनच्या मूळ इंटरप्रिटरच्या, टेस्ट करतात तसे करावे: एक लिंक खरोखर बनवून बघावी, बनली तर टेस्ट चालवावी. आणि वगळलेल्या टेस्ट हिरव्यात मोजल्या जातात, म्हणून किमान एका यंत्रावर तरी काहीही वगळले गेले तर ती चूकच धरली जाईल अशी व्यवस्था ठेवावी.

कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटबद्दल एवढेच: टेस्टसाठी लागणाऱ्या लिंक गिटमध्ये ठेवल्या असतील आणि एखाद्या यंत्रावर गिटचा सिमलिंक सपोर्ट बंद असेल, तर लिंकच्या जागी तिचा पत्ता लिहिलेली छोटी टेक्स्ट फाइल येते. लिंक टेस्टनेच बनवाव्यात.

‘शेजारची खोली’ आणि मागे जाणारी वाट

मघाची शेजारच्या खोलीची गोष्ट इथे कामी येते. इंटरप्रिटरमध्ये ‘खरा पाथ काढा’ असे फंक्शन स्वतः लिहिलेले असेल, तर लिंकमधला सापेक्ष पत्ता लिंकच्या फोल्डरपासून मोजायचा असतो. बऱ्याचदा तो प्रोग्रॅम ज्या फोल्डरमध्ये उभा आहे तिथून मोजला जातो. टेस्ट लिंकच्याच फोल्डरमध्ये उभी राहून चालत असेल तर दोन्ही जागा एकच असतात आणि चूक झाकली जाते. टेस्टने मुद्दाम दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊन प्रश्न विचारावा.

दोन टिंबांचे, म्हणजे ‘एक पायरी वर’चे, प्रकरण याहून फसवे. समजा ‘फोटो’ ही लिंक ‘साठा’ फोल्डरच्या आतल्या ‘जुने’ फोल्डरकडे जाते. ‘फोटो’त जाऊन एक पायरी वर आलो तर कुठे पोहोचलो? कर्नल म्हणेल, ‘साठा’मध्ये. पाथकडे नुसता मजकूर म्हणून पाहणारा ‘फोटो’ आणि दोन टिंबे एकमेकांना छाटून म्हणेल, जिथून निघालो तिथेच. बॅशमध्ये, म्हणजे कमांड टाइप करून चालवायच्या शेलमध्ये, हे करून बघा: सीडी या फोल्डर बदलणाऱ्या कमांडने ‘फोटो’त जा आणि एलएस या कमांडने दोन टिंबांची यादी मागा. ‘साठा’तल्या फाइल दिसतील. आता सीडीने दोन टिंबांवर जा, तर मूळ जागी परत याल, कारण बॅश आपण आलेली वाट लक्षात ठेवते. इंटरप्रिटरने पाथ कर्नलकडे देण्याआधी अशी छाटणी करून तो ‘साफ’ केला, तर चुकीची फाइल उघडते, आणि ती फाइल अस्तित्वात असेल तर कुठलीही चूक दिसत नाही.

लिंक फिरून स्वतःकडेच आली तर कर्नल काही उड्यांनंतर थांबतो. लिनक्सवर मर्यादा ४० आहे, मॅकवर ३२. स्वतः लिहिलेल्या फंक्शनमध्ये अशी मर्यादा नसेल तर टेस्ट फेलही होत नाही, नुसती लटकते. त्यावर उपाय म्हणून भेटलेल्या लिंकची यादी ठेवून ‘पुन्हा दिसली की चक्र’ असे धरणारा कोड मी पाहिला आहे. तो चूक आहे. लिंक शेजारच्याच फोल्डरकडे जात असेल, तर लिंकमधून आत, एक पायरी वर आणि पुन्हा त्याच लिंकमधून आत, असा पाथ तीच लिंक दोनदा ओलांडतो आणि त्यात चक्र नसते. उड्या मोजणे सोपे आणि बरोबर.

पुसण्याची टेस्ट

एका टेस्टची चूक मात्र कधीही साधी समजू नये. फोल्डर आतल्या सगळ्यासकट पुसणाऱ्या फंक्शनची टेस्ट पडते आणि संदेश येतो, ‘हे फोल्डर नाही’. वाटते, शेवटी काहीतरी किरकोळ अडले. घडलेले असते ते असे: फंक्शन प्रत्येक वस्तू फोल्डर आहे का हे स्टॅटने विचारते. फोल्डरकडे जाणारी लिंक आली की स्टॅट ‘हो’ म्हणतो. फंक्शन लिंकमधून आत शिरते, पलीकडच्या फोल्डरातले सगळे पुसून बाहेर येते आणि मग लिंकलाच फोल्डर समजून काढायला जाते. त्या वेळी कर्नल सांगतो, हे फोल्डर नाही. तो संदेश पडद्यावर येईपर्यंत बाहेरच्या फाइल गेलेल्या असतात.

एलस्टॅट वापरला की हे थांबते, पण पूर्ण नाही. तपासणे आणि पुसणे यांच्यामधल्या क्षणात कोणी फोल्डर हलवून तिथे लिंक ठेवली तर पुन्हा तेच होते. रस्ट या भाषेच्या अधिकृत लायब्ररीत नेमकी हीच फट होती. जानेवारी २०२२ मध्ये ती सुरक्षेतील त्रुटी म्हणून जाहीर झाली आणि १.५८.१ या आवृत्तीत बुजवली गेली. फोल्डर नोफॉलो फ्लॅग देऊन उघडायचा आणि आतली प्रत्येक वस्तू त्या उघड्या फोल्डरच्या संदर्भाने पुसायची, पाथ पुन्हा पहिल्यापासून वाचायचा नाही, हा त्यावरचा मार्ग. या फ्लॅगसकट उघडताना समोर लिंक आली तर लिनक्स ‘फार लिंक झाल्या’ या अर्थाची चूक देतो आणि फ्रीबीएसडी ही युनिक्सच्या घराण्यातली दुसरी सिस्टिम वेगळ्याच क्रमांकाची, म्हणून टेस्टमध्ये एकच क्रमांक पक्का लिहू नये.

ही टेस्ट मी अशी लिहिते: एका बाहेरच्या फोल्डरात ‘साक्षीदार’ नावाची फाइल, आतल्या फोल्डरात त्या बाहेरच्या फोल्डरकडे जाणारी लिंक. आतला फोल्डर पुसायचा. तो नाहीसा झाला पाहिजे, लिंकही नाहीशी झाली पाहिजे, आणि ‘साक्षीदार’ उघडून तिच्यातला मजकूर अक्षर न् अक्षर तसाच मिळाला पाहिजे. पहिल्यांदा ती चालवताना मी वेगळ्या, रिकाम्या खात्यात जाते, जिथून माझ्या कुठल्याच फाइलना हात लागत नाही.